जीपचं भाडं, माणसाचं मानधन

13 मे 2024. जळगाव लोकसभा मतदारसंघाचं मतदान आणि खानदेशातलं मे महिन्याचं ऊन. चाळीसगाव तालुक्यातल्या मतदान पथकांचं काम आदल्या दिवशीच सुरू झालेलं: यंत्रं, याद्या, लखोटे मोजून घ्यायचे, सह्या करायच्या, मग पाटणादेवीच्या डोंगरपायथ्यापासून गिरणाकाठापर्यंत नेमून दिलेलं गाव गाठायचं आणि तिथंच मुक्काम करायचा. मतदान सातला, म्हणून अभिरूप मतदान नव्वद मिनिटं आधी, साडेपाचला. किमान 50 मतं टाकायची, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी ताळा जुळवायचा, सगळं पुसून यंत्र सील करायचं. संध्याकाळी सहानंतरही रांगेतला शेवटचा मतदार, मग मतांच्या हिशेबाचा सतरा-सी नमुना, मग यंत्रं जमा करणं. तोवर सुटका नाही.

या कामासाठी निवडणूक आयोगाचा दर तेव्हा केंद्राध्यक्षाला दिवसाला 350 रुपये आणि मतदान अधिकाऱ्याला 250 रुपये होता. त्याच वर्षी महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी होती 297.

कर्मचाऱ्याचा पगार सुरूच असतो, हे खरं. पण तो त्याच्या नेहमीच्या कामाचा. शाळेतल्या फरशीवरची रात्र, पहाटेची घाई आणि एका आकड्याच्या चुकीसाठी उत्तर देण्याची जबाबदारी त्या पगारात मोजलेली नसते.

हा भार पहिल्या निवडणुकीपासूनचा आहे. 1951-52 मध्ये चाळीसगाव मुंबई राज्याच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात होतं. देशात सुमारे 17 कोटी 30 लाख मतदार होते आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात पोलादी पेट्या घडल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या हाताखाली सुमारे 56 हजार केंद्राध्यक्ष आणि 2 लाख 80 हजार मदतनीस राबले. याद्या टंकलिखित करायला 16,500 कारकून सहा महिन्यांच्या करारावर घेतले होते. पेट्या जाऊन शिक्क्याच्या मतपत्रिका आल्या, 2004 मध्ये लोकसभेचं सगळं मतदान यंत्रांवर गेलं. टेबलामागची माणसं मात्र बहुतेक तीच राहिली: शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कारकून.

कायदा या माणसांकडे कसा पाहतो, ते लोकप्रतिनिधित्व कायद्याची कलमं शेजारीशेजारी ठेवली की कळतं. कलम 159 नुसार निवडणुकीसाठी कर्मचारी द्यावेच लागतात. 1998 च्या दुरुस्तीनं विद्यापीठं आणि सरकारी कंपन्याही त्यात आल्या. कलम 160 नुसार इमारत किंवा वाहन ताब्यात घेता येतं. मात्र त्याची भरपाई कलम 161 मध्ये नीट लिहिलेली आहे: जीप घेतली तर त्या भागात चालू असलेल्या भाड्याच्या दरानं पैसे, आणि रक्कम पटली नाही तर मालकाला लवादाकडे दाद. माणसाच्या मोबदल्यासाठी असं कलम नाही. उलट कलम 134 आहे, कर्तव्यात कसूर केल्यास 500 रुपयांपर्यंत दंडाचं. जीपमालकाला बाजारभाव मागण्याचा हक्क आहे आणि तीच जीप ज्यांना गावात सोडते त्यांना नाही, ही विषमता आजवर कुणी दुरुस्त केलेली नाही.

जर्मनीतही मतदान केंद्रावरच्या माणसांना केंद्रीय नियमानुसार 25 ते 35 युरोच मिळतात. पण तिथे मतदान रविवारी असतं आणि बरेच नागरिक स्वतःहून पुढे येतात. चाळीसगावच्या शिक्षकाच्या हातात नियुक्तीचा आदेश पडतो.

ऑगस्ट 2025 मध्ये आयोगानं दर वाढवले. केंद्राध्यक्षाला 500, मतदान अधिकाऱ्याला 400, जेवणखाण्याचे 150 चे 500. आधीचे दर 2014 ते 2016 च्या दरम्यानचे. वर्षभर घरोघरी फिरून यादी नीट ठेवणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, म्हणजे बीएलओचं, वार्षिक मानधन 2015 पासून 6,000 होतं, ते 12,000 झालं. दुप्पट झालं खरं, पण महिन्याला एक हजारच. हे काम अनेक ठिकाणी अंगणवाडी सेविका करते आणि तिचं मूळ उत्पन्नही मानधनच असतं. म्हणून सर्वांत आधी वाढ तिच्या वाट्याला यायला हवी.

सरकारी नोकराचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै अशा दोन टप्प्यांत सुधारला जातो. निवडणुकीचं मानधन त्याच भत्त्याशी जोडायला नवं यंत्र लागत नाही, आयोगाचं एक परिपत्रक पुरेल.