उजेड खाणाऱ्या यंत्रांची कुळकथा

तळहातावर मावणारं यंत्र. वर काळपट निळी सोलर पट्टी, खाली दोन चिमुकल्या मोटारी, मध्ये डाग देऊन जोडलेले मोजके भाग. बॅटरी नाही, प्रोग्रॅम नाही. उन्हात ठेवलं की काही सेकंद गप्प बसतं, मग टुणकन पुढे सरकतं, पुन्हा बसतं. अशा उड्या घेत ते उजेडाच्या दिशेने जातं. हौशी मंडळी याला ‘फोटोपॉपर’ म्हणतात. त्याचं कूळ शंभर वर्षांहून जुनं आहे, पण त्यातली पहिली यंत्रं उजेडाकडे जात असली तरी उजेडावर जगत नव्हती.

१९१२च्या सुमारास अमेरिकेत जॉन हेज हॅमंड (धाकटे) आणि बेंजामिन मिसनर यांनी ‘विजेचा कुत्रा’ केला. तीन चाकांवरची पेटी, पुढे डोळ्यांसारखी दोन भिंगं, त्यांच्यामागे सेलेनियम आणि दोहोंमध्ये नाकासारखा पडदा. उजेड पडला की सेलेनियममधून वीज अधिक सहज वाहते, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३मध्ये जाहीर केलेलं होतं. कंदील हलवाल तिकडे पेटी वळे. हॅमंड यांच्या डोक्यात पाणतीर होते: शत्रूच्या जहाजाच्या सर्चलाइटचाच माग काढत जाणारे. जीवशास्त्रज्ञ जाक लोब यांना मात्र या पेटीत आपल्या म्हणण्याचा पुरावा दिसला. दिव्याकडे झेपावणाऱ्या किड्याला उजेडाची ओढ वगैरे काही नसते, दोन बाजूंना पडणाऱ्या उजेडातला फरकच त्याला वळवतो, असं ते सांगत आले होते.

या कुळातला मला सर्वांत मोठा वाटणारा माणूस इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. विल्यम ग्रे वॉल्टर बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूतल्या विद्युतलहरी अभ्यासत. मेंदूची करामत पेशींच्या संख्येत आहे की त्यांच्या जोडणीत, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून १९४८-४९मध्ये त्यांनी दोनच ‘पेशी’ असलेले प्राणी बनवले. दोन व्हॉल्व्ह, दोन रिले, दोन मोटारी, वर कवच. ही एल्मर आणि एल्सी नावाची कासवं. पुढच्या चाकाच्या दांड्यावर बसवलेला प्रकाशडोळा चाकाबरोबर गोल फिरत राही. अंधारात कासव वळणं घेत भटके. बेताचा उजेड दिसला की चाकाचं फिरणं थांबे आणि कासव सरळ तिकडे निघे. फार जवळून डोळे दिपले की पुन्हा वळून बाजूला होई. कवच कुठे आदळलं तर ढकलत, वळत वाट काढी.

खरी गंमत त्यांच्या घरट्यात होती. तिथे प्रखर दिवा आणि चार्जिंगची सोय. बॅटरी भरलेली असताना कासव त्या दिव्याला टाळी. ती उतरली की सर्किटची संवेदना मंदावे, तोच दिवा सुसह्य वाटे आणि कासव आपसूक आत शिरे. भूक मोजणारा वेगळा भाग वॉल्टर यांनी बसवलेलाच नव्हता. दोन व्हॉल्व्हमधून इतकं वागणं उभं करणं ही मला विसाव्या शतकातली फार सुंदर कारागिरी वाटते.

तरी त्या कासवांना उजेड फक्त घर दाखवी. पोट भरे ते विजेच्या तारेवर. उजेडच खाता येण्याजोगा सिलिकॉन सेल अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने दाखवला तो १९५४मध्ये, म्हणजे कासवांनंतर, आणि तोही उन्हाचा जेमतेम ६ टक्के भाग विजेत बदलणारा. स्वस्त पट्ट्या घराघरांत आल्या त्या पुढे, कॅल्क्युलेटरच्या कपाळावर बसून.

१९८९मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात मार्क टिल्डेन यांनी एमआयटीच्या रॉडनी ब्रुक्स यांचं व्याख्यान ऐकलं. जगाचा नकाशा डोक्यात न बाळगताही यंत्र हुशारीने वागू शकतं, ही ब्रुक्स यांची भूमिका. टिल्डेन त्याही पुढे गेले आणि त्यांनी कॉम्प्युटरच काढून टाकला. जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, सौंदर्य आणि यंत्रशास्त्र यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांच्या पंथाला ‘बीम’ नाव पडलं. भाग घ्यायचे ते बिघडलेल्या वॉकमन, कॅमेऱ्यांतून. यंत्राने स्वतःला जपावं, ऊर्जा मिळवावी आणि सतत आणखी चांगली ऊर्जा शोधावी, एवढेच त्यांचे नियम. माणसाची सेवा त्यांत कुठेच नाही.

अडचण एकच होती. छोट्या पट्टीतून मिळतात काही मिलिअँपिअर, मोटारीला लागतात त्याच्या कितीतरी पट. ‘सोलर इंजिन’ने ती सोडवली. झऱ्याच्या बारीक धारेने हंडा भरावा आणि मग तो एकदम उपडा करावा, तसं हे सर्किट चालतं. पट्टी कपॅसिटर भरत राहते, मोटार बंद. सुमारे अडीच व्होल्टला लुकलुकणारा एलईडी दोन ट्रान्झिस्टरांना चाळवतो, ते एकमेकांना उघडं धरून ठेवतात आणि साठलेली सगळी वीज मोटारीत ओततात. व्होल्टेज उतरलं की पकड सुटते आणि भरणं पुन्हा सुरू होतं. पुढे काहींनी एलईडीच्या जागी व्होल्टेज ओळखणारी तीन पायांची १३८१ चिप बसवली, तेव्हा उड्या नेमक्या झाल्या.

फोटोपॉपरमध्ये असा झटका दोन मोटारींत वाटला जातो. तिरप्या बसवलेल्या मोटारींचे आसच जमिनीला टेकतात, चाकं लागत नाहीत. डावीकडे उजेड जास्त असला तर उजवी मोटार अधिक चालते आणि यंत्र डावीकडे वळतं. टिल्डेन १९९०च्या दशकात लॉस अलामोस प्रयोगशाळेत गेले, नंतर खेळण्यांच्या धंद्यात. २००४चा त्यांचा ‘रोबोसेपियन’ दुकानांत भरपूर खपला, पण तो चालतो चार जाड्या सेलवर. उजेडावर जगणारी शाखा हौशी लोकांच्या टेबलांवरच वाढते आहे.