खेळ घरी येतो

सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर मैदानावर २४ सप्टेंबर २०१९ रोजी पंधरा वर्षांच्या शफाली वर्माने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पदार्पण केले. मैदान गाठू न शकणाऱ्यालाही असा क्षण लाभावा, ही धडपड जुनी. १९३४ मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्याचे धावते वर्णन बॉबी तल्यारखान यांनी नभोवाणीवरून केले. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर भारतीय दूरचित्रवाणीला रंग आला. क्रिकेटच्याच वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आकाशलहरी जनतेची मालमत्ता ठरविल्या. आज सुरतेच्या घरात दूरचित्रवाणी-संचाला लहानसे यंत्र जोडले, ते वाय-फायवर आणले आणि वर्गणी भरली, की सामना सुरू होतो. जोडणी कुणालाही साधेल. वर्गणी परवडेलच असे नाही. लहरी जनतेच्या झाल्या. खेळ मात्र बहुधा वर्गणीदाराचाच राहिला.