विश्वामित्रीने हलवलेलं गाव

बडोद्याबाहेरच्या नातेवाइकांना विश्वामित्री म्हटली की मगरीच आठवतात. आम्हा इथल्या बायकांना आठवतो तो पूर ओसरल्यावरचा गाळ. पण या लहानशा नदीचं आणि आपल्या शहराचं नातं त्याहून पुष्कळ जुनं आहे, आणि ते कळायला एका श्राविकेची मदत होते.

नदी उगम पावते पावागडावर. लव-कुशांचं निर्वाण तिथं झालं असं दिगंबर परंपरा मानते, म्हणून आपल्यातल्या पुष्कळजणी तिथं यात्रेला जाऊन आल्या असतील. तिथून ती पश्चिमेला येते, सूर्या नदीचं पाणी घेते, वळणं घेत घेत बडोद्याच्या मधून दक्षिणेला जाते, ढाढरला मिळते आणि मग खंभातच्या आखाताला. उन्हाळ्यात तिला कुणी नदीसुद्धा म्हणणार नाही.

तिच्या पश्चिम काठावर अंकोट्टक नावाचं गाव होतं. आजचं अकोटा. 1951 साली तिथल्या जमिनीतून जैन धातुमूर्ती निघाल्या. डॉ. उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यातली जीवंतस्वामींची एक मूर्ती सहाव्या शतकातली. दीक्षेआधीचे महावीर, मुकुट आणि दागिन्यांसह ध्यानात उभे. खाली लेख आहे: चंद्रकुलातल्या नागीश्वरी श्राविकेचं हे दान. बडोद्याच्या इतिहासात नावानिशी भेटणाऱ्या फार जुन्या बायकांपैकी ही एक.

नागीश्वरीचं गाव पुढं मागे का पडलं? जुन्या इतिहासात सांगतात की, इसवी सन 600 च्या सुमारास मोठे पूर आले आणि अंकोट्टकची माणसं पूर्वेच्या उंचवट्यावर वडांच्या वस्तीत गेली. तेच वटपद्रक, आपलं बडोदं. मात्र गाव एका रात्रीत रिकामं झालं असं नाही हं. अकोट्यातल्या काही मूर्ती त्यानंतर चारपाचशे वर्षांनीही घडलेल्या आहेत. 812 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वटपद्रक दान दिल्याची नोंद आहे, आणि ते अंकोट्टकच्या चौऱ्यांशी गावांतलं एक असल्याचंही लिहिलंय. म्हणजे लोक पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू सरकले. सोळाव्या शतकात चार दरवाजांचा कोट बांधला, तोही काठ सोडून पूर्वेलाच.

मग सयाजीराव महाराजांनी आजव्याला सरोवर बांधलं. ते शहराला पिण्याचं पाणी देण्यासाठी, पूर अडवण्यासाठी नव्हे. सरोवर भरलं की जादा पाणी सूर्येतून विश्वामित्रीतच येतं. त्यात शहरावर पाऊस कोसळला की झालंच. 31 जुलै 2019 ला दिवसभरात सुमारे 20 इंच पडला. ऑगस्ट 2024 मध्ये काळा घोडा पुलाशी पाणी 35 फुटांच्या वर गेलं; धोक्याची पातळी 26 फूट. अकोटा, समा, कितीतरी वस्त्या दिवसेंदिवस पाण्यात. गाद्या, धान्याचे डबे, फ्रिज, मुलांची पुस्तकं, सगळं गेलं.

लोक म्हणाले, नदी घरात शिरली. मला वाटतं, आपणच तिच्या घरात शिरलोय. चढलेलं पाणी पसरायला काठाला सखल जागा होत्या, ओहोळ होते, कोतरं होती. ती मातीनं भरली आणि वर सोसायट्या आल्या. जुने लोक पूर बघून उंचावर गेले. आपण कोरडी नदी बघून खाली आलो.

नदी खोल करायचं काम निघालंय, ते व्हावंच. पण पाण्याला जागा दिल्याशिवाय नुसत्या खोदण्यानं भागणार नाही. आणि मैत्रिणींनो, फ्लॅट बघायला गेलो की आपण स्वयंपाकघर कुठल्या दिशेला, देरासर किती लांब, हे हमखास विचारतो. त्याच्याबरोबर एवढंही विचारूया: इथं आधी कोतर होतं का, आणि 2024 ला पाणी कुठवर आलं होतं? बिल्डर सांगणार नाही. शेजारच्या जुन्या घरातल्या बाईला विचारा. ती भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.