फडाच्या गाडीचा सारथी

महाराष्ट्राच्या रंगभूमीचा इतिहास अनेक व्यासंगी लेखकांनीं लिहिला आहे. त्यांत नाटककार आहेत, नट आहेत, गवई आहेत, पडदे रंगविणारे चितारीही आहेत. परंतु ते पडदे, त्या पेट्या आणि ते तंबू एका गांवाहून दुसऱ्या गांवीं कोणीं नेले, हें त्यांत सहसा सांपडत नाहीं. खेळ फिरता असला म्हणजे ओझें आलेंच, आणि ओझें आलें कीं तें वाहणारा आला. आपल्याकडील फिरत्या खेळांनीं गेल्या सुमारें एकशें ऐंशी वर्षांत जीं रूपें घेतलीं, तीं पुष्कळ अंशीं त्यांच्या वाहनानें ठरविलेलीं आहेत. हा इतिहास ओझ्याच्या बाजूनें पाहूं लागलें, तर त्यांत तमाशाच्या फडाच्या मालमोटारीचा चालक अगदीं पुढें येऊन उभा राहतो.

आरंभ दक्षिण कोंकणांतील दशावतारी मंडळींपासून करणें सोयीचें आहे. त्यांचें सारें वैभव एका पेटाऱ्यांत मावत असे. गणपतीचा मुखवटा, राजाचे मुकुट, स्त्रीपात्रांचीं लुगडीं, तोंडाला लावावयाचे रंग, सर्व कांहीं त्यांतच. सिंहासन म्हणून एक लांकडी बाक चाले. रात्रभर इंद्र किंवा रावण झालेली ही मंडळी उजाडल्यावर तोच बोजा डोक्यावर घेऊन पुढच्या गांवची पाऊलवाट धरीत. ‘रात्रीं राजा, सकाळीं डोक्यावर बोजा’ अशी त्या मुलखांत म्हण आहे. ती थट्टेची वाटते; पण तींत एक व्यवस्था सांगितलेली आहे. गाणारा आणि वाहणारा येथें एकच होता. ज्यांनीं वाहावयाचें त्यांनींच बांधावयाचें, म्हणून ओझें आपोआप बेताचें राही.

सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां राजाश्रय होता आणि प्रवासाची दगदग नव्हती. १८५१ सालीं चिंतामणराव पटवर्धन निवर्तले आणि मंडळींना पोटासाठीं बाहेर पडावें लागलें. १८५३ सालीं भावे मुंबईस खेळ करीत होते. त्याच वर्षीं १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धांवली. पण घाटावरून येणाऱ्या नाटकवाल्यांना तिचा फारसा उपयोग नव्हता. बोरघाटाचा लोहमार्ग खुला व्हावयास १८६३ साल उजाडलें. तोंवर घाट उतरावयाचा तो पायीं, डोलींतून किंवा बैलगाडींतून. भाव्यांचें काम एका पडद्यावर भागत असे, म्हणूनच हें जमलें.

पुढें आगगाडीचें जाळें पसरलें आणि नाटकाचें अंग भरूं लागलें. १८८० सालीं ३१ ऑक्टोबरला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ झालें. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्या वैभवाच्या काळांत खरे शालू, गालिचे, ऑर्गन आणि रंगविलेले भव्य पडदे यांची चर्चा घरोघर चाले. हें सारें मालगाडीच्या वाघिणींत चढत असे. त्यामुळें मोठ्या मंडळींचे मुक्काम पाहूं गेलें तर पुणें, मुंबई, मिरज, हुबळी, नागपूर, अमरावती, इंदूर, बडोदें अशीं स्टेशनाचींच गांवें पुनः पुनः दिसतात. वाघीण जेथवर जाई तेथवर संगीत नाटक गेलें. जेथें रूळ नव्हता, तेथील लोकांनीं बालगंधर्वांचें गाणें ऐकलें असेल तर तें तबकडीवर.

रुळापलीकडच्या गांवांना मात्र करमणूक नव्हती असें नाहीं. चैत्र-वैशाखांत ग्रामदैवताची जत्रा भरे आणि जत्रेला तमाशा हा हवाच. जुन्या तमाशाचें सामान तें कितीसें? ढोलकी, हलगी, तुणतुणें, झांज, चार शेले आणि घुंगरांची पिशवी. पलित्यांच्या किंवा पुढें गॅसबत्त्यांच्या उजेडांत मोकळ्या जागीं खेळ उभा राहत असे. फड पायीं जाई किंवा बैलगाडीनें जाई. एका रात्रींत बैल जेवढी मजल मारतील तेवढेंच त्या फडाचें जग असे.

हें जग विस्तारलें तें मालमोटारीनें. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपल्यावर लष्कराच्या वापरांतील पुष्कळ मोटारी विक्रीस निघाल्या. १९५४ पासून टाटांच्या जमशेटपुरच्या कारखान्यांत मर्सिडीझ-बेंझच्या सहकार्यानें मालमोटारी बनूं लागल्या. पण नुसती मोटार असून भागत नाहीं, तिला रस्ता लागतो; आणि आडगांवचा रस्ता पुष्कळ ठिकाणीं आला तो दुष्काळाच्या पोटीं. १९७२ च्या अवर्षणांत महाराष्ट्रांतील लाखों माणसें सरकारी कामांवर खडी फोडीत होतीं. त्या कामांतून, व पुढें रोजगार हमी योजनेंतून, शेंकडों गांवें मोठ्या सडकेला जोडलीं गेलीं. ज्या हातांनीं ती खडी फोडली, त्यांच्याच वेशींत पुढें फडाची मोटार येऊन उभी राहिली.

मोटार आली आणि पेटाऱ्याचा जुना नियम सुटला. आतां वाहणारा वेगळा, बांधणारा वेगळा. ओझें वाढूं लागलें. कनात आली, फळ्यांचें रंगपीठ आलें, वगासाठीं रंगविलेले पडदे, ध्वनिक्षेपक, रंगीत दिवे आणि त्या दिव्यांसाठीं स्वतःचें वीजजनित्र आलें. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर, तुकाराम खेडकर व कांताबाई सातारकर, काळू-बाळू, दत्ता महाडिक या नांवांचा जो दरारा खेड्यापाड्यांतून होता, तो त्यांच्या कलेचा होता यांत शंका नाहीं. पण ती कला विदर्भाच्या टोंकापासून कृष्णाकांठापर्यंत एकाच हंगामांत पोंचली ती चाकांवरून. शंभरांवर माणसें आणि चार-पांच मालमोटारी असा संसार मोठ्या फडांनीं उभा केला. वाघिणींतून जें वैभव तालुक्याच्या पलीकडे कधीं गेलें नव्हतें, तें या मोटारींतून ओढ्याकांठच्या पडीक रानांत जाऊन उभें राहिलें, ही गोष्ट लहान नव्हे.

फडाचें वर्ष दसऱ्याला सुरू होतें. पाडव्यापर्यंत कनातींतले तिकिटाचे खेळ; त्यानंतर जत्रांचा हंगाम. पुणें-नाशिक रस्त्यावरील नारायणगांवीं गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे पंच तेथें येतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरते. मालक तारखा पाहतो आणि पैसे पाहतो. चालकाला त्याच वहींत दुसरेंच कांहीं दिसतें : आज हें गांव, उद्यां तें गांव, आणि दोहोंच्या मध्यें एक घाट. जत्रेच्या सुपारींत रात्रीचा खेळ संपला म्हणजे सुटका होते असेंही नाहीं. दुसऱ्या दिवशीं ‘हजेरी’ द्यावी लागते, म्हणजे दिवसाउजेडीं पुनः गाणें-नाचणें. ती आटोपल्यावर सारें उतरवून, भरून, सायंकाळच्या आंत पुढच्या गांवीं उभें राहावयाचें. कनातीच्या दिवसांत याच्या उलट : मध्यरात्रीं खेळ सुटतो आणि पहाटेपूर्वीं गाडी हलते.

सामान भरण्याचेंही एक शास्त्र आहे. नव्या जागीं जें प्रथम लागणार तें शेवटीं चढवावयाचें. मेखा, घण, खांब आणि कनात हीं आधीं लागतात. सुदैवानें उतरतातही तींच शेवटीं, त्यामुळें क्रम सहज जुळतो. फळ्या तळाशीं, त्यांवर लोखंडी सांगाडे, कपड्यांच्या पेट्या कोरड्या राहतील अशा मधोमध. वर ताडपत्री आणि दोर. फाळका लावला कीं वर माणसें. हें बिगाऱ्यांचें काम असलें तरी चालक त्यावरून नजर हलवीत नाहीं. कारण भार एका अंगाला गेला तर वळणावर त्याचा हिशेब त्यालाच द्यावयाचा असतो. जागेवर पोंचल्यावरही गाडीला सुट्टी नाहीं. ती रंगपीठामागें आडोसा म्हणून उभी राहते, आणि रात्रीं तिच्या हौद्यांत किंवा तिच्या खालीं बिछाने पडतात.

खेळ उभा राहिला म्हणजे चालकाची रात्र होते. गण चालू असतांना तो बिछान्यावर पाठ टेकतो. शंभर हातांवर ढोलकी कडाडत असते आणि ध्वनिक्षेपक आरडत असतो. तरी त्याला झोंप लागते, लागावीच लागते. ज्या वगासाठीं पांच कोसांवरून लोक येतात, तो वग त्यानें हंगामांत शंभरदां वाहिलेला असतो, आणि पुरता पाहिलेला मात्र क्वचितच. लहान फडांत हीही चैन नाहीं. तेथें तोच दारावर तिकिटें फाडतो आणि जनित्र अडलें तर त्यालाच हांक जाते.

येथें आगगाडी आणि मालमोटार यांतला खरा भेद दिसतो. नाटकमंडळी आगगाडींत झोंपत, तेव्हां इंजिनावर जागणारा मनुष्य रेल्वेचा असे. काल रात्रीं सौभद्राला किती ‘वन्समोअर’ मिळाले, याचा त्याच्या डोळ्यांशीं कांहीं संबंध नव्हता. फडाच्या चालकाचा आहे. रसिकांनीं फर्माईश केली, दौलतजादा झाली, लावणी लांबली. नर्तकीला चार पैसे मिळाले, मालक खूष झाला. पण लांबलेला प्रत्येक घटका प्रवासाच्या वेळांतून वजा होतो, आणि तो भरून काढावयाचा तो वेगानें किंवा झोंपेंतून. प्रेक्षक टाळी देतो ती कोणाच्या पदरांतून जाते, हें त्यास ठाऊक नसतें. १९६१ सालीं मोटार वाहतूक कामगारांसाठीं कायदा झाला. त्यानें दिवसाचें काम आठ तासांचें ठरविलें. कायदा चांगलाच होता. परंतु रात्रीं सुरू होऊन दुसऱ्या दिवसाच्या दुपारीं संपणाऱ्या कामाचे आठ तास कोठून कोठें मोजावयाचे, हें फडाच्या गाडीजवळ जाऊन कोणीं विचारलें असेल असें वाटत नाहीं. हौद्यांत पन्नास माणसें झोंपलेलीं असतां पहाटे तीन वाजतां घाटाच्या माथ्यावर एकाच मनुष्याचे डोळे उघडे असतात. सबंध फडाचें आयुष्य तेवढ्यावर असतें.

आणि निसर्गही त्याला सोयीचा नाहीं. जत्रांचे दिवस तेच वळवाचे दिवस. खेळाची जागा म्हणजे बहुधा नांगरलेलें किंवा कापणी झालेलें रान. काळ्या मातींत एक सर पडली कीं भरलेल्या गाडीचीं चाकें रुततात. मग फळ्या घालाव्या, ट्रॅक्टर बोलवावा, नाहीं तर सामान उतरवून पुनः भरावें. तिकडे पुढच्या गांवीं पंच वाट पाहत असतात. फड वेळेवर आला नाहीं तर ठरलेल्या रकमेंत कपात होते, आणि जमलेल्या गर्दीचा राग निघतो तो आधीं गाडीच्या कांचेवर.

पैशाचा व्यवहार सांगावयाचा तर थोडक्यांत सांगतां येतो. हंगामाच्या आरंभीं कलावंतांना उचल द्यावी लागते. ती देण्यासाठीं मालक व्याजानें पैसे काढतो. गाडीचा हप्ता, टायर, डिझेल आणि कर हे त्यावर. विठाबाईंसारख्या कलावतीला १९५७ आणि १९९० अशा दोन वेळां राष्ट्रपतिपदक मिळालें, तरी २००२ सालीं त्या वारल्या त्या विपन्नावस्थेंतच. मग चालकाच्या शिलकेबद्दल लिहावयाचें काय? २००० सालच्या ध्वनिनियमांनीं रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली. शहरांतल्या माणसाला ती वाजवी वाटेल, आणि ती वाजवी आहेही. परंतु शेतकरी गुराढोरांचें आवरून, जेवून कनातींत येतो तोंच नऊ वाजतात. तमाशावाल्यांचा गल्ला त्यामुळें आटला. नियम जेथें कसोशीनें पाळला गेला तेथें चालकाला मात्र दोन तास अधिक झोंप मिळाली असेल.

सर्वांत मोठा घाव पडला तो २०२० सालीं. त्या वर्षींचा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. सुपाऱ्या ठरावयाच्या त्याच मुहूर्तावर जत्रा बंद झाल्या. पुढचा हंगामही तसाच गेला. मे २०२१ मध्यें कांताबाई सातारकर करोनाच्या सांथींत निवर्तल्या. उभ्या गाडीचा हप्ता थांबत नाहीं. ती उन्हांत उभी राहिली म्हणजे टायरला भेगा पडतात, बॅटरी मरते, ताडपत्रीला उंदीर लागतात.

टाळेबंदींतही दुधाच्या आणि भाजीपाल्याच्या मोटारी चालू होत्या. ज्याच्या हातांत चाक होतें, त्याला तेथें काम मागतां येत होतें. ढोलकीवाल्याला आणि नाचणारीला तशी दुसरी जागा नव्हती. २०२२ च्या पाडव्याच्या सुमारास सरकारी निर्बंध उठले आणि जत्रा पुनः भरूं लागल्या. दोन हंगाम एका जागीं उभी असलेली मोटार पुनः घाट चढेल कीं नाहीं, हा प्रश्न त्या वेळीं फडमालकापुढें सुपारीच्याही आधीं होता. आणि त्याचें उत्तर देणारा मनुष्य गाडीखालीं उताणा पडून, हातांत पाना घेऊन, तेलानें माखलेला होता.