काम बाहेर द्यावे, कागद घरात ठेवावेत

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. वार्षिक सभेत एक वाक्य दरवर्षी हमखास ऐकू येते : "बाहेरच्या माणसाला पैसे कशाला? आपणच करू की!" त्याचे उत्तर आपल्या शेजारच्याच इतिहासात आहे.

बोईसर स्टेशनला उतरून लोक ज्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात कामाला जातात, ते देशातले पहिलेच. तोवर असे केंद्र आपल्याकडे कोणी बांधले नव्हते. म्हणून डॉ. होमी भाभांच्या काळात, १९६४ साली, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला. तो 'टर्नकी', म्हणजे आराखड्यापासून केंद्र सुरू करून देईपर्यंत जबाबदारी एकाचीच. बांधकामाला त्या कंपनीने बेक्टेल नेमली. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन्ही संच रीतसर सुरू झाले. शून्यातून पाच वर्षांत वीज! अनुभव विकत घेण्याचा हा फायदा.

पण कराराची दुसरी बाजूही होती. इंधन अमेरिकेकडूनच घ्यायचे होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्यात अडचणी सुरू झाल्या आणि १९८२ पासून फ्रान्सकडे जावे लागले. तरी केंद्र बंद पडले नाही, कारण तोवर आपले इंजिनिअर ते चालवायला आणि दुरुस्त करायला शिकले होते. पुढे तिथेच ५४० मेगावॉटचे दोन संच २००५ आणि २००६ मध्ये उभे राहिले. ठेकेदार तेव्हाही होतेच, पण आराखडा आणि देखरेख आपली होती.

सोसायटीचेही तसेच आहे. लिफ्टची देखभाल, टाकीची सफाई, वॉचमन ही कामे आपण बाहेर देतो. २०१३ पासून लेखापरीक्षकही सरकारी नामतालिकेतून सभेनेच नेमायचा असतो. शेजाऱ्याने हौसेने केलेल्या कामात खोट निघाली तर त्याला बोलायचे कसे? जिन्यात रोज गाठ पडते. ठेकेदाराचे बिल मात्र अडवता येते, अनामत राखून ठेवता येते. पैसे जातात, पण शेजारधर्म टिकतो.

आता मोठा प्रश्न समोर आहे. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी करायचे असते. समुद्राच्या खाऱ्या हवेत आतली सळई कितपत गंजली आहे, हे तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसणार नाही. तिथे काटकसर नको, जाणकार इंजिनिअरच हवा.

फक्त बँकेतली एक सवय सोसायटीने उचलावी. तिथे तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असत. तसेच नकाशे, करार, वॉरंटीची पत्रे आणि बिले सोसायटीच्या कपाटात राहावीत आणि निदान दोन सभासदांना ती समजावीत. कमिटी बदलते, ठेकेदार बदलतो; इमारत तीच राहते, आणि तिच्यात आपली नातवंडे राहणार आहेत.