परवाना आणि करार : फर्मवेअरच्या संमतिपत्राचा शब्दार्थमूलक इतिहास

नवा मोबाइल किंवा दूरचित्रवाणी संच प्रथम चालू केला म्हणजे पडद्यावर एक दीर्घ मजकूर उमटतो, आणि त्याखालील ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट टेकविल्याखेरीज यंत्र पुढे चालत नाही. हा मजकूर म्हणजे यंत्रात भरलेल्या आज्ञावलीविषयीचा परवाना-करार होय. यंत्राची किंमत तत्पूर्वीच चुकती झालेली असते. पावतीवर ‘विक्री’ हा शब्दही असतो. तरीही या करारात बहुधा असे म्हटलेले आढळते की, आतील आज्ञावली विकलेली नसून ती वापरण्याचा केवळ परवाना दिलेला आहे. विकत घेतलेल्या वस्तूचा तिच्यावाचून निरुपयोगी ठरणारा भाग विकलाच गेलेला नाही, हे विधान कसे उद्भवले व ते कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘परवाना-करार’ हा जोडशब्दच मुळात चिंतनीय आहे. परवाना हा शब्द फारसीतून मराठीत आला. मोगल राज्यव्यवहारात वरिष्ठ अधिकाऱ्याने कनिष्ठास पाठविलेल्या लेखी हुकमास परवाना म्हणत. करार हा शब्द अरबी असून त्याच्या मुळाशी स्थिर होणे, ठरणे हा अर्थ आहे. ‘एकरार’ हा शब्दही त्याच धातूपासून झालेला आहे. परवाना एकतर्फी असतो. तो देणारा देतो, घेणाऱ्याच्या संमतीची त्यास अपेक्षा नसते. करारास मात्र दोन पक्ष लागतात व दोघांची संमती लागते. कायद्याच्या परिभाषेतही हा भेद आहेच. जे कृत्य एरवी बेकायदा ठरले असते ते करण्यास दिलेली मोकळीक म्हणजे परवाना. परस्परांस बांधणारे वचन म्हणजे करार. फर्मवेअरच्या संमतिपत्रात या दोन भिन्न प्रकृतीच्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय अशा पत्राचा अर्थ लागत नाही, आणि त्या एकत्र का आल्या हे इतिहासावाचून कळत नाही.

‘परवाना’ हा शब्द एखाद्या व्यवहाराचे कायदेशीर परिणाम टाळण्यासाठी योजला जाऊ शकतो, याचे उदाहरण मुंबईच्या घरभाड्याच्या इतिहासात सहज सापडते. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने स्थावर मालमत्तेवरील परवान्याची व्याख्या केली असून, परवान्याने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही असे तीत स्पष्ट केले आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने भाडेकरूस संरक्षण दिले. त्यानंतर जागा ‘भाड्याने’ न देता ‘लिव्ह अँड लायसन्स’ने देण्याची रीत रूढ झाली, कारण भाडेकरूस कायद्याचे कवच होते, परवानाधारकास नव्हते. दिल्लीतील एका हॉटेलमधील खोल्यांसंबंधीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असा निर्वाळा दिला की, दस्तऐवजास कोणते नाव दिले आहे यापेक्षा त्याचे सार काय आहे हे पाहिले पाहिजे. पुढे, १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने जागेचा ताबा असलेल्यांस महाराष्ट्राच्या विधिमंडळाने दुरुस्तीद्वारे भाडेकरू मानले. नाव एक, सार दुसरे, आणि त्यांतील अंतर मोजणारे न्यायालय अथवा विधिमंडळ, असे या व्यवहाराचे तीन टप्पे दिसतात. संगणकीय आज्ञावलीचा इतिहासही याच वाटेने गेलेला आहे. तो प्रामुख्याने अमेरिकेत घडला.

त्या इतिहासाची पूर्वपीठिका एका कादंबरीत आहे. बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने ‘द कास्टअवे’ या कादंबरीत अशी सूचना छापली होती की, पुस्तकाची किरकोळ किंमत एक डॉलर आहे, त्याहून कमी किमतीस विकण्याचा कोणाही विक्रेत्यास परवाना नाही, आणि तशी विक्री कॉपीराइटचा भंग समजली जाईल. न्यूयॉर्कच्या मेसी या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रत एकदा विकल्यानंतर तिच्या पुढील विक्रीवर अशा छापील सूचनेने नियंत्रण ठेवता येत नाही. लेखनाचा हक्क लेखक-प्रकाशकाकडे राहतो, हातातील प्रत मात्र ग्राहकाची होते. हे तत्त्व ‘प्रथम विक्री’चे तत्त्व म्हणून प्रस्थापित झाले.

संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञावली यंत्राबरोबरच दिली जात असे. तिची निराळी किंमत नसे. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने आज्ञावली व सेवा यांचे मूल्य यंत्रापासून वेगळे करण्याची घोषणा केली. त्या वेळी आज्ञावलीस कॉपीराइटचे संरक्षण मिळते की नाही हे अनिश्चित होते. साहजिकच उत्पादकांचा भर गुप्ततेवर व ती राखण्याच्या लेखी अटींवर राहिला. विक्री केली तर गुपित जाते. परवाना दिला तर गुपितही राहते व अटीही घालता येतात. अशा रीतीने परवान्याचा जन्म एका खऱ्या अडचणीतून झाला. शिवाय त्या काळचा ग्राहक म्हणजे मोठी संस्था असे; तिचे अधिकारी करार वाचून, प्रसंगी वाटाघाटी करून, स्वाक्षरी करीत. परवाना आणि करार यांची ती गाठ अस्वाभाविक नव्हती.

याच सुमारास ‘फर्मवेअर’ हा शब्द जन्मास आला. १९६७ मध्ये ॲशर ऑपलर यांनी ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात तो योजला. यंत्राच्या नियंत्रक स्मृतीत राहणारी, यंत्राची मूळ वर्तणूकच ठरविणारी सूक्ष्म आज्ञावली त्यांना अभिप्रेत होती. कठीण ते हार्डवेअर, मृदू ते सॉफ्टवेअर, आणि या दोहोंच्या मधली ती फर्मवेअर, असा हा शब्दविनोद होता. पुढे शब्दाचा अर्थ विस्तारला व यंत्रातील स्थायी स्मृतीत भरलेली कोणतीही आज्ञावली फर्मवेअर म्हणवू लागली. ही मध्यावस्थाच पुढील वादाचे मूळ ठरली. कारण फर्मवेअर एका अर्थी लेखन आहे, तर दुसऱ्या अर्थी यंत्राचा सुटा न होणारा भाग आहे.

आज्ञावली व कॉपीराइट यांचा संबंध ठरविण्यासाठी अमेरिकेत नेमलेल्या आयोगाने १९७८ मध्ये अहवाल दिला. आज्ञावली चालविताना तिची प्रत यंत्राच्या स्मृतीत होते, म्हणून ही अपरिहार्य प्रत करण्याचा अधिकार ‘प्रतीचा न्याय्य धारक’ असणाऱ्यास असावा, असे त्याने सुचविले. १९८० मध्ये कायदा झाला तेव्हा या शब्दांच्या जागी ‘प्रतीचा मालक’ असे शब्द आले. बदल एका पदाचा होता, परंतु त्याचा परिणाम दूरगामी झाला. ग्राहक न्याय्य धारक आहे हे नाकारणे उत्पादकास अवघड होते. तो मालक नाही असे म्हणणे मात्र सोपे होते. त्यासाठी ‘ही प्रत विकलेली नाही’ एवढे वाक्य पुरे होते. १९८३ मध्ये ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात अपील न्यायालयाने रॉममध्ये कोरलेल्या आज्ञावलीसही कॉपीराइट लागू होतो असा निर्णय दिला. गुप्ततेची मूळ गरज येथे बरीच ओसरली. परवाना हा शब्द मात्र राहिला, कारण त्यास आता नवे काम मिळाले होते.

त्या नव्या कामाचे स्वरूप १९९३ च्या एमएआय विरुद्ध पीक या खटल्यात उघड झाले. पीक ही संस्था एमएआयच्या संगणकांची दुरुस्ती करीत असे. दुरुस्तीसाठी यंत्र चालू करताच आज्ञावली तात्पुरत्या स्मृतीत उतरते. ही प्रतच होय, आणि यंत्र बाळगणारा ग्राहक प्रतीचा मालक नसून परवानाधारक असल्यामुळे ती अनधिकृत होय, असे न्यायालयाने ठरविले. यंत्र चालू करणे हाच भंग ठरला. अखेर १९९८ मध्ये काँग्रेसने कायद्यात पोटकलम घालून ‘यंत्राचा मालक अथवा भाडेकरू’ यास दुरुस्तीपुरती मोकळीक दिली. ‘प्रतीचा मालक’ या पदाने झालेली कोंडी ‘यंत्राचा मालक’ या पदाने काही अंशी सोडवावी लागली. परंतु त्याच वर्षीच्या कायद्याने आज्ञावलीभोवतीचे तांत्रिक कुलूप ओलांडण्यास निराळी बंदीही घातली.

करारपक्षाचा इतिहास याहून वेगळा आहे. ग्राहक असंख्य झाले तेव्हा स्वाक्षरी अशक्य झाली, आणि वेष्टन फाडणे हीच संमती मानावी असा मजकूर खोक्यावर छापला जाऊ लागला. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत दाखविले होते की, काही उक्ती हीच कृती असते. मात्र त्यासाठी तशी रूढी दोन्ही बाजूंना मान्य असावी लागते. येथे क्रम उलटा झाला. कृती हीच उक्ती मानली गेली, व ती मानण्याची रूढी एकाच पक्षाने घोषित केली. न्यायालयांतही एकमत नव्हते. १९९१ मध्ये स्टेप-सेव्हर खटल्यात, सौदा ठरल्यानंतर खोक्यावर आलेल्या अटी कराराचा भाग नव्हेत असे ठरले. १९९६ मध्ये प्रोसीडी खटल्यात न्यायमूर्ती ईस्टरब्रुक यांनी, अटी वाचून वस्तू परत करण्याची संधी असेल तर त्या बंधनकारक होतात, असे मत दिले. यंत्राच्या बाबतीत मात्र परत करावयाची असते ती केवळ आज्ञावली नव्हे, तर सबंध वस्तू.

या गुंतागुंतीचे व्यावहारिक परिणाम काही घटनांवरून स्पष्ट होतात. लेक्समार्क कंपनीच्या प्रिंटरच्या शाईकुपीत ५५ बाइटांहून मोठी नसलेली एक आज्ञावली होती. तिच्या आधारे इतरांच्या कुप्या रोखण्याचा प्रयत्न २००४ मध्ये अपील न्यायालयाने अमान्य केला. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली बसविण्याची सोय १ एप्रिल २०१० च्या फर्मवेअर-सुधारणेने काढून टाकली. ती सुधारणा नाकारणाऱ्यास ऑनलाइन खेळास मुकावे लागले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे जॉन डीअर या कंपनीने म्हणणे मांडले की, ट्रॅक्टर घेणाऱ्यास त्यातील आज्ञावलीबाबत वाहनाच्या आयुष्यापुरता गर्भित परवाना मिळतो. त्याच वर्षी कार्यालयाने, मालकास दुरुस्तीसाठी ते कुलूप उघडण्याची सूट दिली. आणि २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. बिघडलेला ट्रॅक्टर आणि तोंडावर आलेला हंगाम यांमध्ये उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ‘मालक’ या शब्दाचा अर्थ ही कोशातील चर्चा राहत नाही.

परवाना करारावाचूनही संभवतो, याचे उदाहरण म्हणून जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीकडे पाहता येते. आज्ञावली केवळ चालविण्यावर त्यात बंधन नाही. स्वाक्षरी केलेली नसल्याने परवाना स्वीकारण्याची सक्तीही नाही. प्रत वाटणे किंवा तीत बदल करणे यांस मात्र अन्य कोणतीही परवानगी नसल्याने त्यातील अटी लागू होतात. येथे परवाना आपल्या मूळ अर्थास धरून राहतो : एरवी निषिद्ध असलेल्या कृत्याचीच तो मोकळीक देतो, एरवी मुक्त असलेल्या कृत्यास बंधन घालीत नाही.

भारतीय कायद्याची शब्दयोजना या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार, आज्ञावली ज्या प्रयोजनासाठी दिली त्यासाठी वापरण्यास व सुरक्षेसाठी राखीव प्रत करण्यास आवश्यक ती मोकळीक प्रतीच्या ‘विधिसंमत धारका’स मिळाली. अमेरिकेने १९८० मध्ये वगळलेल्या पदाच्या जवळचे पद येथे स्वीकारले गेले. अशा धारकास या कृत्यांपुरती उत्पादकाच्या परवान्याची गरजच उरत नाही. २ मार्च २०२१ रोजी एंजिनिअरिंग ॲनॅलिसिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनेक परवाना-करार प्रत्यक्ष वाचून पाहिले. त्यांत यंत्रात बसवूनच विकलेल्या आज्ञावलीचाही प्रकार होता. ज्यास ‘परवाना’ म्हटले आहे ती वस्तुतः आज्ञावली अंतर्भूत असलेल्या वस्तूची विक्री आहे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. प्रश्न आयकराचा होता, त्यामुळे ग्राहकाच्या प्रत्येक गाऱ्हाण्याचे उत्तर त्या निर्णयात शोधणे योग्य नाही. परंतु नावापेक्षा सार पाहण्याची १९५९ ची दृष्टी तेथे पुन्हा दिसते, हे निश्चित.

यावरून संमतिपत्राच्या वाचनाची एक पद्धत निष्पन्न होते. प्रत्येक कलमाचे क्रियापद प्रथम पाहावे. ‘करता येईल’ असे असेल तेथे ते कृत्य परवान्याविना खरोखरच निषिद्ध होते काय, हे विचारावे. नसेल तर ती मोकळीक केवळ भासमान आहे. ‘करणार नाही’ असे असेल तेथे ते वचन आहे. त्याची कसोटी कॉपीराइटचा कायदा नसून १८७२ चा करार अधिनियम व ग्राहकापुरती २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमातील अनुचित कराराची व्याख्या ही होय. ‘कंपनीस बदलता येईल’ असे असेल तेथे, विक्रीच्या वेळी असलेला कोणता गुण पुढे काढून घेता येतो, हे पाहावे. या तिन्ही प्रकारची कलमे एकाच ‘मान्य आहे’खाली येतात; त्यांचे बल मात्र समान नसते. अर्थनिर्णयाचे काम त्या एका शब्दाने संपत नाही, तेथून ते सुरू होते.