जुनी बाईक सुरू होत नाही? इंजिन उघडण्याआधी घरच्या घरी काय तपासाल?

वाशिम जिल्ह्यात शेतावर जायचं असो, दूध पोहोचवायचं असो की रिसोड-कारंज्याच्या बाजाराला जायचं असो, अनेक घरांची भिस्त बाईकवर असते. ही बाईक बऱ्याचदा जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली असते. ती एका सकाळी सुरू झाली नाही की पहिली भीती वाटते, 'इंजिनचं काम निघालं!' पण दोष अनेकदा प्लग, पेट्रोल किंवा फिल्टरमध्ये असतो.

एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक बाईकमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. ही माहिती त्याआधीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी आहे. उदाहरणार्थ, १९९४मध्ये आलेली हिरो होंडा स्प्लेंडर.

इंजिनला काय लागतं?

तीन गोष्टी: ठिणगी, पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण आणि कॉम्प्रेशन, म्हणजे ते मिश्रण दाबून धरण्याची ताकद. पहिल्या दोन्हींची दुरुस्ती सहसा स्वस्त असते, तिसरीची महाग. म्हणून तपासणीही याच क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष नेमका कशात होता ते कळत नाही.

१. आधी साध्या गोष्टी

टाकीत पेट्रोल आहे का? कॉक चालू आहे का? रिझर्व्हवर लावून पाहा. थंडीच्या सकाळी चोक ओढा. गाडी काही किलोमीटर चालून बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज येऊन गाडी पुन्हा सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असण्याची शक्यता आहे.

२. ठिणगी

इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा, गरम असताना हेडचे आटे खराब होऊ शकतात. प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा आणि किक मारा. प्लग त्याच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब ठेवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. निळसर, जोरकस ठिणगी दिसली तर ठीक. नसेल तर नवा प्लग लावून पाहा.

प्लगचा रंगही बोलतो:
- फिकट तपकिरी: सगळं ठीक
- कोरडा काळा: पेट्रोल जास्त किंवा हवा कमी
- तेलकट काळा: इंजिन ऑइल जळतंय
- पांढराफटक: पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन जास्त तापतंय
- पेट्रोलने ओला: मिश्रण पेटतच नाही

३. पेट्रोल आणि हवा

कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. कचरा किंवा तळाशी वेगळा थर दिसला, तर कार्ब्युरेटर आणि टाकी साफ करावी लागेल. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढून घेतं. त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी असेल तर पेट्रोल बदला. हे करताना जवळ विडी-सिगारेट नको.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर धुळीने लवकर भरतो. पिकअप कमी झाला आणि धूर काळा येऊ लागला, तर आधी तोच पाहा.

४. कॉम्प्रेशन

ठिणगी, पेट्रोल, हवा ठीक असूनही गाडी सुरू होत नाही आणि किक अगदी हलकी लागते? मग कॉम्प्रेशन कमी असू शकतं. मेकॅनिककडे ते गेजने मोजून घ्या. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला, तर संशय पिस्टन रिंग किंवा बोअरवर. वाढला नाही, तर व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्हचा दोष कधी कधी फक्त टॅपेट सेटिंगने सुटतो.

धूर आणि आवाज काय सांगतात?

सकाळी थोडा वेळ दिसणारा पांढरा धूर बहुधा वाफ असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो फक्त सुरू करताना आला तर व्हॉल्व्ह सील, रेस दिल्यावर सतत आला तर रिंग तपासायला सांगा. वरून येणारी टिकटिक टॅपेटची असू शकते. पण खालून जड ठकठक आली तर गाडी तिथेच बंद करा. तशीच चालवली तर खर्च कितीतरी वाढतो.

मेकॅनिकला काय सांगाल?

'गाडी खराब आहे' एवढंच सांगू नका. प्लगचा रंग, धुराचा रंग, गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर आणि तुम्ही काय काय तपासलं, ते सांगा. 'इंजिन उघडावं लागेल' असं उत्तर आलं, तर आधी विचारा: कॉम्प्रेशन किती भरलं?